थाळीवरची रात्र

जव्हार-मोखाडा म्हटलं की तारपा आठवतो. तारपा सुगीचा, नाचाचा. आजचा भाग मात्र थाळीबद्दल आहे, कारण इथल्या कोकणा आणि शेजारच्या समाजांत माणूस गेल्यावर थाळी वाजते.

वाद्य अगदी साधं. काशाची किंवा पितळेची थाळी, मधोमध मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली बारीक काडी. वाजवणारा ती काडी चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढतो. बोट काडीला चिकटतं, सुटतं, परत चिकटतं; ती थरथर मेणातून थाळीत उतरते आणि एक सलग घुमणारा सूर येतो. व्हायोलिनचा गज तारेवर फिरतो तेव्हा हेच घडतं. मी इंजिनिअर असल्यामुळे आधी इथेच अडकलो, पण खरी गोष्ट पुढे आहे.

दिवसकार्याच्या रात्री या सुरावर कथा गायली जाते. पृथ्वी कशी झाली, धान्याची देवी कणसरी कशी आली, कधी रामकथासुद्धा. एक जण गातो, दुसरा ओळ झेलतो. कथा लांबलचक, कारण रात्र काढायची असते. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याला अंधारात एकटं ठेवायचं नाही, एवढा साधा हिशोब. नातेवाईक, पाडा, सगळे बसतात. दुःख कुणी समजावून सांगत नाही, सोबत देतात.

आता अवघड भाग. लहान मूल गेलं तर बहुतेक ठिकाणी पुरतात. मोठं दिवसकार्य होत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं कुपोषणाने गेली आणि हा भाग देशाला माहीत झाला. त्या मुलांची आठवण कथेत नाही, अहवालांत आहे. जून २०२५ मध्ये मोखाड्यातल्या एका बापाने आपलं मृत नवजात बाळ पिशवीत घालून नाशिकहून एसटीने गावी आणलं. सोबतीला पाडा नव्हता, अनोळखी प्रवासी होते.

म्हणून थाळीकडे नुसती 'लोप पावणारी कला' म्हणून बघू नका. रेकॉर्डिंग जरूर व्हावं, घरच्यांना विचारून. पण रेकॉर्डिंगमध्ये सूर येतो, शेजारी बसलेली माणसं येत नाहीत. एखाद्या पाड्यावर अशा रात्री कुणी बोलावलं, तर मोबाईल खिशात ठेवा आणि उजाडेपर्यंत बसा.