पाहून राहिलो ना!

विकेण्ड म्हणजे मल्टिप्लेक्स, पॉपकॉर्न आणि सोमवारचं टेन्शन. आपला साधारण हाच फॉर्म्युला, हो ना? यावेळी मात्र मी चंद्रपूरहून बल्लारपूरमार्गे एसटीने थेट गोंडपिपरी गाठलं. तिथे माझे मोठे बाबा आणि मोठी आई राहतात. मोठे बाबा ऐंशीच्या घरातले. वर्षभरापासून त्यांना विसर पडतोय. दारातच त्यांनी विचारलं, ‘कोणाची पोर वं तू?’

रात्री करायचं काय? लॅपटॉप उघडला आणि ‘पाठलाग’ लावला. १९६४ चा, राजा परांजपेंचा. हीरो काशिनाथ घाणेकर. सुबोध भावेच्या २०१८ च्या सिनेमामुळे आपल्या पिढीला कळलेले तेच डॉक्टर! जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर बेतलेला हा रहस्यपट. १९६६ चा ‘मेरा साया’ याचाच हिंदी रिमेक. म्हणजे बरेलीच्या बाजारात साधनाचा झुमका पडण्याआधीच, भावनाने मराठी प्रेक्षकांची झोप उडवली होती.

काळजी नको, शेवट सांगत नाही. नायकाची बायको वारते. मग पोलिस हुबेहूब तिच्यासारख्याच एका बाईला पकडतात. ती म्हणते, मीच तुमची बायको. आता सिद्ध कसं करणार? तेव्हा कुठली डीएनए टेस्ट! पुरावा एकच, दोघांतल्या आठवणी.

दिवाळीनंतर रात्र-रात्र झाडीपट्टीची नाटकं पाहणारं हे घर. त्यांच्यापुढे एक सिनेमा म्हणजे किस झाड की पत्ती! पण मोठी आई पडद्याकडे पाहतच नव्हती. ती मोठ्या बाबांकडे पाहत होती. मी पॉझ केला.

‘काऊन थांबवलं? पाहून राहिलो ना!’ मोठे बाबा करवादले. ‘नागपूरला शिकत होतो तेव्हा पाह्यला होता मी. पण शेवट नको सांगू, हिनं पाह्यला नाही.’

‘ही कोण?’ मी हळूच विचारलं.

‘कोण म्हणजे? माही बायको!’

मोठी आई पाणी आणायला उठली. बराच वेळ आलीच नाही.

सकाळी पुन्हा तोच प्रश्न, ‘कोणाची पोर वं तू?’ मग मीही सिनेमातल्यासारख्या खुणा दिल्या. बाबांचं नाव. पहाटे मोहफुलं वेचायला जायचो, ते. मी वाटेत झोपायचे आणि तुम्ही खांद्यावर घेऊन यायचे, ते. तिसऱ्या खुणेला ते हसले.

तेव्हा या विकेण्डला घरातल्या आजी-आजोबांसोबत एखादा जुना रहस्यपट लावाच. आणि मध्येच पॉझ करून त्यांना बोलू द्या.