बारा सिमल्याची हाडे: मांसभक्षक डायनासोरांची ओळख कशी पटते

मांसभक्षक डायनासोर ज्या गटात मोडतात त्या थेरोपॉड गटाला ओथनिएल मार्शने 1881 साली नाव दिले. दोन पायांवर चाल, आतून पोकळ हाडे आणि जमिनीवर टेकणारी पायाची तीन बोटे ही त्याची ठळक लक्षणे. पण कोंबडीएवढ्या प्राण्यापासून टायरॅनोसॉरसपर्यंत बहुतेकांत ती सापडतात, त्यामुळे त्यांवरून जाती वेगळ्या काढता येत नाहीत. करवतीसारख्या कडांच्या दातांचेही तेच. विल्यम बकलंडने 1824 मध्ये मेगॅलोसॉरसचे वर्णन केले आणि त्यानंतर असा दात जगात कुठेही मिळाला की त्याच नावाखाली जमा होऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेगॅलोसॉरस म्हणजे अडगळीची खोली झाली होती. मादागास्करचे दातही 1896 मध्ये तिथेच गेले. आज तो प्राणी माजुंगासॉरस म्हणून ओळखला जातो.

जर्मन कीटकशास्त्रज्ञ विल्ली हेनिग यांनी 1950 मध्ये मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडली. सर्वांच्या पूर्वजांकडून चालत आलेले लक्षण नाते सिद्ध करत नाही. ठरावीक शाखेतच नव्याने उपजलेले लक्षण मात्र करते. नव्या जातीसाठी याहून कडक अट असते. तिच्यात असे काही दाखवावे लागते, जे जवळच्या कोणत्याही नातलगात नाही.

ही अट पाळली नाही तर काय होते, ते जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर दिसते. चार्ल्स मॅटली यांनी तिथल्या लमेटा खडकांतून काढलेल्या हाडांवर फ्रीडरिश फॉन ह्यूने यांच्यासोबत 1933 मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात इंडोसुकस, इंडोसॉरस, लेव्हिसुकस, जबलपुरिया अशी नावांची रांगच लागली. इंडोसुकस व इंडोसॉरस निदान कवटीच्या वरच्या भागांवर उभे होते. इतर कित्येक नावांना सुट्या मणक्यांपलीकडे आधार नव्हता. एकाच प्राण्याच्या मानेचा आणि शेपटीचा मणका एकमेकांशी जुळत नाहीत. मग मान एका नावाने आणि शेपटी दुसऱ्या नावाने नोंदली जाणे फार अवघड नाही.

कुळाबाबतही गोंधळ होता. ह्यूने यांना इंडोसुकस अॅलोसॉरसच्या जवळचा वाटला. पुढे काहींनी त्याला टायरॅनोसॉरसच्या कुळात बसवले. उलगडा झाला तो अर्जेंटिनामुळे. होसे बोनापार्ट आणि फर्नांडो नोवास यांनी 1985 मध्ये अबेलिसॉरसचे वर्णन केले. त्याच वर्षी बोनापार्ट यांनी डोळ्यांवर दोन शिंगे असलेल्या कार्नोटॉरसचा जवळजवळ पूर्ण सांगाडाही जगापुढे आणला. आखूड व उंच तोंड, खडबडीत पृष्ठाची जाड कवटी आणि अगदीच खुजे हात अशी या नव्या कुळाची ठेवण होती. टायरॅनोसॉरसचेही हात आखूडच, पण त्यांना दोन बोटे; कार्नोटॉरसला चार. टायरॅनोसॉरसच्या जबड्याच्या पुढच्या दातांचा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा असतो, तसे दात अबेलिसॉरसच्या कुळात नाहीत. म्हणजे हात दोन वेगळ्या वाटांनी आखूड झाले आणि साम्याने फसवले. भारत, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिका एकेकाळी गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते, हे लक्षात घेतले तर जबलपूरच्या हाडांची चुलत भावंडे पॅटागोनियात सापडण्यात नवल नाही. नोवास आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये जुन्या भारतीय नमुन्यांची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतले बरेच याच व्यापक गटात आले. 1933 मधली अनेक नावे आज संशयास्पद मानली जातात, आणि ते योग्यच आहे.

गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रैयोली गावचा राजासॉरस नर्मदेन्सिस मात्र पक्क्या पायावर उभा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी 1980 च्या दशकात ही हाडे खणून काढली, आणि कोणते हाड कुठे होते याचा नकाशाही ठेवला. हाडे एकाच प्राण्याची आहेत हे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळाला. जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक साहनी आणि इतरांनी 2003 मध्ये त्याचे नामकरण केले. नाकाच्या आणि कपाळाच्या हाडांनी मिळून झालेला, कवटीच्या मधोमध असलेला एकच बुटका उंचवटा ही त्याची खूण. कार्नोटॉरसला शिंगांची जोडी होती. माजुंगासॉरसच्या कपाळावर घुमटासारखे हाड होते. 1979 मध्ये तो तुकडा जाड टाळूच्या शाकाहारी डायनासोराचा समजला गेला आणि पुढे जवळजवळ पूर्ण कवटी हाती आल्यावर चूक उमगली. राजासॉरसच्या कमरेच्या हाडावरचा एक आडवा कंगोराही नातलगांत दिसत नाही.

रैयोलीतूनच 2010 मध्ये राहिओलिसॉरस गुजरातेन्सिस हे दुसरे नाव आले. उजव्या नडगीची सात हाडे मिळाल्याने किमान 7 प्राणी मोजता आले, तेही वेगवेगळ्या वयांचे. त्याची हाडे राजासॉरसपेक्षा सडपातळ आहेत. पण सडपातळपणा वाढीच्या वयाचाही असू शकतो. म्हणून हाडांचे पातळ काप करून वाढीची वलये मोजतात, मणक्यांचे सांधे जुळलेत का ते पाहतात आणि तुलना शक्यतो दोन्ही प्राण्यांच्या त्याच हाडाची करतात. इंडोसॉरस आणि राजासॉरस यांची तुलना कवटीच्या वरच्या भागापुरतीच होऊ शकते, कारण इंडोसॉरसचा आधारभूत नमुना तेवढाच आहे.