विदा पुनर्प्राप्ती

विदा पुनर्प्राप्ती म्हणजे हार्ड डिस्क अथवा अन्य साठवण माध्यमावरून चुकून पुसला गेलेला डेटा, अर्थात विदा, परत मिळवण्याची प्रक्रिया होय.

कार्यतत्त्व
संचिका पुसली असता हार्ड डिस्कवर सहसा केवळ तिची सूचीतील नोंद रद्द होते. त्या जागी नवे लेखन होईपर्यंत मूळ विदा टिकून राहते. जलद फॉरमॅटनंतरही हीच स्थिती असते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहितो. त्यानंतर पुनर्प्राप्ती शक्य नसते. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये 'ट्रिम' आज्ञेमुळे पुसलेली विदा लवकरच नष्ट होऊ शकते.

पद्धत
चूक लक्षात येताच डिस्कचा वापर थांबवणे सर्वांत महत्त्वाचे असते. ती दुसऱ्या संगणकास जोडून तिची संपूर्ण नक्कल घेतात व शोध त्या नकलेवर करतात. 'टेस्टडिस्क' ही मुक्त आज्ञावली हरवलेली पार्टिशन शोधते. 'फोटोरेक' संचिकेच्या आरंभीच्या ठरावीक खुणांवरून ती ओळखते. त्यामुळे मूळ नावे सहसा मिळत नाहीत. सापडलेल्या संचिका दुसऱ्याच डिस्कवर साठवणे आवश्यक असते.

प्रतिबंध
वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या १९९८ साली चुकून पुसल्या गेलेल्या बहुतांश संचिका एका सहकाऱ्याच्या घरच्या संगणकावरील प्रतीतून परत मिळाल्या.