नव्या ग्राफिक्स कार्डाची पारख

मोती आणि बांगड्या यांच्या बाजारासाठी हैदराबादची ख्याती जुनी आहे. अलीकडच्या काळात तीत संगणकाची भर पडली. एनव्हिडिया आणि एएमडी या ग्राफिक्स चिप घडविणाऱ्या दोन्ही कंपन्यांची अभियांत्रिकी केंद्रे या शहरात आहेत. सिकंदराबादेतील चिनॉय ट्रेड सेंटर ही संगणकाच्या सुट्या भागांची प्रसिद्ध पेठ आहे. शिल्लक टाकलेल्या पगारातून नवे ग्राफिक्स कार्ड घेऊन काचीगुड्याला घरी परतणारा मराठी तरुण हे येथे नवलाचे दृश्य नव्हे.

मोत्याप्रमाणे कार्डही पारखून घ्यावे लागते. त्यासाठी थ्रीडीमार्कसारखे कसोटीचे प्रोग्रॅम असतात. कसोटी ऐन भरात असता पडद्यावर रंगीत ठिपक्यांची जाळी उमटते, आकृतींची टोके भाल्यासारखी ओढली जातात, किंवा पडदा क्षणभर काळा होतो. अशा वेळी कार्डालाच दोष देणे उतावीळपणाचे होय. तथापि 'होईल आपोआप ठीक' म्हणून स्वस्थ बसणेही महागात पडते. कारण वस्तू बदलून घेण्याची मुदत थोडी असते.

चित्र कसे तयार होते हे ध्यानात घेतले म्हणजे निदान सोपे होते. कार्डावरील चिप प्रथम असंख्य त्रिकोणांच्या टोकांची गणिते करते, मग त्यांत रंग भरते आणि पुरे झालेले चित्र कार्डाच्या मेमरीत ठेवते. तेथून ते केबलवाटे पडद्याकडे जाते. दोष या वाटेवर नेमका कोठे शिरला, एवढाच प्रश्न असतो.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. बिघाड दिसताच स्क्रीनशॉट घ्यावा. ठिपके त्यातही उतरले, तर चित्र मेमरीतच बिघडलेले आहे. पडद्यावर दिसतात पण स्क्रीनशॉटमध्ये नाहीत, असे झाल्यास बहुधा केबल, जोडणी वा मॉनिटर यांचा दोष असतो. ही परीक्षा न करता कार्ड बदलावयास धावणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! चित्र मधूनच आडवे फाटल्यासारखे दिसणे हा तर बिघाडच नव्हे. कार्डाचा आणि पडद्याचा वेग न जुळल्याचे ते लक्षण आहे.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पुरता काढून नवा घालावा. मात्र संगणक सुरू होताना, विंडोज येण्यापूर्वीच ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हर निर्दोष समजावा.

तिसरी गोष्ट विजेची. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला 75 वॅट आणि आठ पिनांच्या एका जोडणीतून 150 वॅट इतकीच वीज घेण्याची मर्यादा ठरलेली आहे. दोन जोडण्या असतील तेथे दोन स्वतंत्र केबली लावणे श्रेयस्कर.

चौथी गोष्ट उष्णतेची. मे महिन्यात हैदराबादचा पारा 40 अंशांपलीकडे जातो. पेटीत हवा खेळत नसेल, तर कार्ड प्रथम आपला वेग कमी करते. म्हणून तपमान आणि वेग यांची नोंद कसोटीबरोबरच ठेवावी.

शेवटी चिपचा व मेमरीचा वेग थोडा उतरवून पाहावा. एवढ्याने ठिपके नाहीसे झाले, तर कार्ड आपल्या नेमलेल्या वेगास टिकत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. नव्या वस्तूच्या बाबतीत हा उपाय नसून पुरावा आहे. दुसऱ्या संगणकातही तोच प्रकार घडला, तर संशयास जागा उरत नाही.

मोठ्या कारखान्यांच्या हातूनही चूक होते. 2018 च्या सप्टेंबरात आलेल्या आरटीएक्स 2080 टीआय या कार्डांपैकी काहींच्या पडद्यावर असेच ठिपके उमटले. सुरुवातीची काही सदोष कार्डे तपासणीतून निसटल्याचे एनव्हिडियाने त्याच वर्षी नोव्हेंबरात मान्य केले.

यास्तव एका वेळी एकच गोष्ट बदलावी, प्रत्येक वेळी तीच कसोटी लावावी आणि स्क्रीनशॉट, तपमान, तारीख यांची टिपणे ठेवावीत. विक्रेत्यासमोर रागाच्या शब्दांपेक्षा अशा चार ओळींचे वजन अधिक पडते, आणि कष्टाचा पैसा वाया जात नाही.