चंद्रावर माणूस की यंत्र?

गच्चीवर दुर्बिणीतून चंद्र दाखवणाऱ्या एका हौशी निरीक्षकाला शेजारच्या आजोबांनी विचारलं, "चांद्रयान पोचलं ना? मग आता माणूस कशाला पाठवायचा?"

वाद जुनाच आहे.

पृथ्वीभोवतीचे प्रारणांचे पट्टे शोधणारे जेम्स व्हॅन ॲलन यंत्रांच्या बाजूचे होते. माणसासोबत हवा, पाणी, अन्न आणि परतीची सोयही न्यावी लागते. चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटी रुपयांत झालं. माणसाला अंतराळात नेणाऱ्या गगनयान कार्यक्रमाची मंजूर रक्कम, अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह, २० हजार कोटींवर गेली आहे.

दुसरी बाजूही भक्कम. १९७२ मध्ये 'अपोलो १७'च्या दोघा अंतराळवीरांनी चंद्रावर गाडीतून तीन दिवसांत सुमारे ३५ किलोमीटर पालथे घातले. मंगळावरच्या 'ऑपॉर्च्युनिटी' या यंत्रगाडीला ४५ किलोमीटरसाठी १४ वर्षं लागली. 'अपोलो १७'च्या त्या दोघांपैकी हॅरिसन श्मिट भूवैज्ञानिक. करड्या मातीतली नारिंगी छटा त्यांच्या नजरेनं टिपली; ते ज्वालामुखीतून उडालेले काचेचे बारीक मणी निघाले.

सहा अपोलो मोहिमांनी ३८२ किलो नमुने आणले, सोव्हिएत संघाच्या तीन मानवरहित यानांनी मिळून जेमतेम ३०० ग्रॅम.

हे सगळं ऐकून आजोबांनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. "गाडी चालवायला माणूस हवाय का तिकडे?"

तुम्ही कोणत्या बाजूचे?