मॉर्फिन सुरू, मग रेचकही त्याच दिवशी

कॅन्सरच्या किंवा जुनाट दुखण्यासाठी मॉर्फिन, ट्रामाडॉल, फेंटानिलचे पॅच यांसारखी औषधे दीर्घकाळ चालू असली, की पोट साफ न होणे जवळजवळ ठरलेलेच. तरीही रेचक दिले जाते ते चार-पाच दिवस कुंथून झाल्यावर. माझ्या मते हे चुकीचे आहे. या औषधांना प्रतिसाद देणारे रिसेप्टर मेंदूत असतात तसे आतड्याच्या भिंतीतही असतात. ते सक्रिय झाले की आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल मंदावते आणि मळातले पाणी जास्त शोषले जाते. (जुलाब थांबवणारे लोपेरामाइड याच वाटेने काम करते.) मळमळ, गुंगी काही दिवसांत सरावाने कमी होते; बद्धकोष्ठता सहसा कमी होत नाही. मग वाट कशाची पाहायची?

घरोघरी पहिला उपाय इसबगोल. पण आतडेच सुस्त असताना नुसता चोथा वाढवला आणि पाणी कमी पडले, तर तो आतच अडकू शकतो. इथे आतड्याला चालना देणारे सेन्ना, म्हणजे आपली सोनामुखी, किंवा बिसाकोडिल आणि मळात पाणी धरून ठेवणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोज अधिक उपयोगी. ‘रेचकाची सवय लागेल’ ही भीती समजण्यासारखी आहे. पण मंदावण्याचे कारण रोज पोटात जात असेल, तर उताराही रोजच हवा. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. पोट फुगून उलट्या होत असतील, वायूही सरत नसेल, तर रेचक न घेता तातडीने रुग्णालय गाठावे. आणि पोटासाठी वेदनाशामक परस्पर बंद करू नये.