पावसाळ्यात लेदरला बुरशी का लागते? माल कसा सांभाळायचा आणि त्यातून धंदा कसा वाढवायचा

आपल्या व्हिडिओनंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: "सर, पेण किंवा रोह्यात लेदरच्या पर्स, बेल्ट, पाकिटं, चपलांचं दुकान चालेल का?" चालेल. पण आपल्याकडे या धंद्यातला सगळ्यात मोठा स्पर्धक समोरचा दुकानदार नाही, ऑनलाइन कंपनीही नाही. आपला स्पर्धक आहे पाऊस.

रायगडात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. पेणकरांना वेगळं सांगायला नको, उघडा राहिलेला पापड तासाभरात कसा सादळतो ते. लेदरही तसंच सादळतं, फक्त ते दिसायला आठ-पंधरा दिवस लागतात. आणि दिसतं तेव्हा पांढरी बुरशी आलेली असते. तुमचं ५० हजारांचं भांडवल रॅकवर असेल, तर ही बुरशी थेट तुमच्या गल्ल्यावर आलेली असते.

म्हणून आजचा मुद्दा एकच: आपल्या भागात ज्याला लेदरची निगा कळते, तोच लेदर विकू शकतो. आधी स्वतःचा माल वाचवा, मग तेच ज्ञान गिऱ्हाइकाला द्या. चला, एकेक करून बघू.

१. आधी ओळखा, हातात काय आहे

कच्चं कातडं कुजू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करतात, त्याला आपण कातडं कमावणं म्हणतो. मुख्य पद्धती दोन.

पहिली, झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं, उदाहरणार्थ बाभळीची साल आणि हिरडा. अस्सल कोल्हापुरी चप्पल यातली. हे लेदर जाड, कडक आणि टिकाऊ असतं, पण पाणी पटकन पितं.

दुसरी, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. बाजारातली बहुतेक पाकिटं, पर्सेस आणि बूट यातले. हे मऊ असतं आणि पाण्याला त्यामानाने जास्त दाद देत नाही.

आणि तिसरा प्रकार लेदरच नाही. तो म्हणजे रेक्झिन किंवा पीयू. कापडावर प्लास्टिकचा थर. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "दादा, लेदर सोलवटतंय." बहुतेक वेळा ते कातडं नसतंच. दमट हवेत पीयूचा थर विरतो आणि पापुद्रे निघतात. अस्सल लेदर सुकून तडकेल, डागाळेल, पण असे कापडावरून पापुद्रे सोडत नाही.

ओळखायचं कसं? कापलेली कड आणि आतली बाजू बघा. कातड्याची आतली बाजू तंतुमय, लवदार असते. रेक्झिनखाली विणलेलं कापड दिसतं. वासावर विश्वास ठेवू नका, वासाचे स्प्रे मिळतात. जाळून बघण्याच्या भानगडीतही पडू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रेक्झिन विकणं हा गुन्हा नाही, बऱ्याच लोकांच्या खिशाला तेच परवडतं. पण रेक्झिनला "प्युअर लेदर" म्हणून विकलंत, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय पेण-रोह्यासारख्या गावात बातमी बाजारभर व्हायला एक दिवस पुरतो. बिलावर स्पष्ट लिहा: लेदर की रेक्झिन.

२. बुरशी का येते?

बुरशीला तीन गोष्टी लागतात: ओल, खाणं आणि कोंदट जागा. लेदरमधली प्रथिनं, तेल, वरून लावलेलं क्रीम, हाताचा-पायाचा घाम, हे सगळं तिचं खाणं. हवेतली आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढायला लागते. आपल्याकडे जुलैमध्ये आर्द्रता त्याहून बरीच वर असते. खाणं आपण काढून घेऊ शकत नाही. म्हणून लढाई उरते ओल आणि कोंदटपणाशी.

३. दुकानातला माल: पावसाळ्याआधी करायच्या गोष्टी

- मे महिन्यात मोठा स्टॉक भरू नका. धारावीतून किंवा कोल्हापुरातून माल आणत असाल, तर पावसात थोडा थोडा आणा. गाडीभाडं थोडं जास्त जाईल, पण खराब मालापेक्षा ते स्वस्त.
- रॅक भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. ओल भिंतीतून येते. जमिनीवर खोके तर अजिबात नकोत.
- प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. जुनं सुती धोतर किंवा मलमल वापरा.
- पर्स आणि बुटांत कोरा कागद भरा. वर्तमानपत्राची शाई आतल्या फिक्या अस्तराला लागते.
- आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतं. काचेच्या बंद शोकेसमध्ये ते ठेवा आणि आकडा ४५ ते ६० टक्क्यांमध्ये राखायचा प्रयत्न करा.
- शोकेसमध्ये रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा. रंग बदलला म्हणजे ती ओल पिऊन भरली. गरम करून कोरडी केली की पुन्हा कामाला येते.
- संततधार चालू असताना दारं-खिडक्या उघडून "हवा खेळू दे" म्हणू नका. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. उघडीप मिळाली की उघडा.
- आठवड्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी प्रत्येक नग हातात घेऊन बघायचा आणि कोरड्या सुती कापडाने पुसायचा. आतले कप्पे, शिवण आणि बकलाखालची जागा विसरू नका, सुरुवात तिथूनच होते.

४. बुरशी आलीच तर?

घाबरू नका, घाईही करू नका.

पहिलं, तो नग बाकीच्या मालापासून वेगळा करा. दुसरं, दुकानाबाहेर नेऊन, नाका-तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने कोरडीच झाडा. आत झाडलीत तर तिचे बीजाणू सगळ्या दुकानात पसरतील. तिसरं, फिनिश केलेलं लेदर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन, कापड जेमतेम ओलं करून हलकेच टिपा. आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघा, रंग उतरत असेल तर थांबा. चौथं, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर एक-दोन दिवस पूर्ण सुकू द्या. पाचवं, सुकल्यावरच क्रीमचा अगदी पातळ हात द्या. वापरलेलं कापड टाकून द्या.

आणि हे करू नका: कडक ऊन, चूल, हेअर ड्रायर, इस्त्री. ओलं लेदर झटपट तापवलं की आखडतं, कडक होतं आणि घडीवर तडकतं. धाटावच्या एमआयडीसीत काम करणारे आपले बरेच गिऱ्हाईक सेफ्टी शूज वापरतात. त्यांना हे आवर्जून सांगा: भिजलेला बूट गरम पाइपजवळ सुकवायचा नाही. इनसोल बाहेर काढा, आत कागद भरा, दोन-तीनदा कागद बदला. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा.

बुटांबद्दल अजून एक. वर्षभर खोक्यात ठेवलेला बूट काढला आणि तळ भुगा होऊन पडला, ही तक्रार तुमच्याकडे येणारच. तिथे दोष लेदरचा नसतो. पीयूचा तळ दमट हवेत न वापरता पडून राहिला तरी आतून कमजोर होतो. म्हणून असा माल वर्षानुवर्षं माळ्यावर साठवायचा नाही. जुना माल आधी विका.

५. तेल, क्रीम, पॉलिश: कशाला काय?

घरात खोबरेल आहे म्हणून पर्सला चोळायचं नाही. रंग काळपट होतो, धूळ बसते आणि बुरशीला मेजवानी मिळते. साध्या लेदरला न्यूट्रल क्रीम पुरे, वर्षातून दोन वेळा: मे अखेरीस एकदा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा. भर पावसात जाड थर नको. स्वेड, म्हणजे लव असलेलं मऊ लेदर असेल, तर त्याला क्रीमही नाही आणि पॉलिशही नाही. फक्त ब्रश.

कोल्हापुरीची गोष्ट वेगळी. तिला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि जगभर चर्चा झाली. त्यानंतर तरुण गिऱ्हाईकही कोल्हापुरी मागू लागलं. पण विकताना सांगा: "ताई, ही पावसात घालायची नाही." हिचा तळ कातड्याच्या थरांचा असतो, पाणी प्यायला की फुगतो. नवी चप्पल चावत असेल तर जिथे लागते तिथे आतून तेलाचं बोट फिरवून रात्रभर ठेवायचं, एवढंच. जूनमध्ये पुसून, सुकवून, सुती पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवायची आणि गणपतीत काढायची. मधे दर पंधरा दिवसांनी एकदा वारं द्यायचं.

६. आता धंद्याचं बोलू

आता तुम्ही म्हणाल, "सर, एवढं सगळं गिऱ्हाइकाला फुकट शिकवायचं?" हो, शिकवायचं. कारण खराब झालेली पर्स घेऊन तो तुमच्याच दारात येणार आहे. तेव्हा भांडण हवं की काम हवं, हे आज विक्री करताना ठरतं. तीन गोष्टी करा.

निगा-कार्ड. बिलासोबत पोस्टकार्डएवढा कागद, पाच ओळी मराठीत: ओलं झालं तर काय, कुठे ठेवायचं, काय लावायचं नाही, किती दिवसांनी वारं द्यायचं, आणि तुमचा नंबर.

दसऱ्याची तपासणी. पावसाळा संपला की जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज: "काका, बेल्ट-पर्स घेऊन या, फुकट बघून देतो." आलेल्यांपैकी काहींना साफसफाई लागेल, काहींना शिवण, काहींना नवीन बेल्ट.

दुरुस्तीची जोडी. शिवण, चेन, बकल ही कामं तुमच्या गावातल्या चर्मकार कारागिराकडे द्या, ठरलेल्या दराने आणि वेळेवर पैसे देऊन. त्यांच्या हातात जे कसब आहे ते आपल्या मार्केटिंगमध्ये नाही. त्यांना पीएम विश्वकर्मा योजनेची माहितीही द्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये चर्मकार काम आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज आहे. चर्मकार समाजासाठी राज्याचं लिडकॉम महामंडळही योजना राबवतं.

हिशोब मांडून बघा. समजा, साफसफाई आणि क्रीमचे १५० रुपये घेतले. सामान ३० रुपये, कारागिराचे ६० रुपये. उरले ६०. सीझनला ४० नग आले तर २,४०० रुपये. आकडा छोटा आहे, मान्य. पण जाहिरातीवर एक रुपया न घालवता ४० जुनी गिऱ्हाइकं तुमच्या दुकानात परत आली, हा खरा नफा. त्यातल्या दहा जणांनी दिवाळीसाठी पाकीट घेतलं तर?

थोडक्यात

ऑनलाइन कंपनी तुमच्यापेक्षा स्वस्त विकेल. पण जुलैमध्ये रोह्याच्या घरात कपाटातल्या पर्सला बुरशी आली, तर ती कंपनी विचारायला येणार नाही. तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे असाल. या जवळ असण्याची किंमत ओळखा.

दुकान टाकायच्या आधी एक काम करा. एक चांगली लेदर पर्स आणि एक कोल्हापुरी जोड घ्या आणि हा एक पावसाळा स्वतःच्या घरात सांभाळून दाखवा. दर रविवारी मीटरचा आकडा आणि मालाची अवस्था वहीत लिहा. सप्टेंबरअखेर दोन्ही वस्तू नव्यासारख्या राहिल्या, तर समजा तुम्ही तयार आहात. आणि ती वही दुकानात ठेवा. गिऱ्हाइकाला दाखवायला त्याहून चांगली जाहिरात मिळणार नाही.

काही अडलं तर कमेंटमध्ये नक्की विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत!